धार अजून बाकी आहे

हैदराबादच्या मलकपेठेत घरी लेथ बाळगणाऱ्या मराठी गृहस्थाचा मुख्य उद्योग म्हणजे टूलला धार लावणे. लेथवर प्रत्यक्ष काही कातणे हा त्याचा जोडधंदा असून तो सहसा पुढच्या रविवारी चालतो. या गृहस्थाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. प्रत्येक वाचकाच्या माहितीत असा एक असतोच आणि त्याच्याकडे प्रत्येकाचे एखादे काम अडकलेले असतेच. गल्लीतली मराठी घरे त्याला लेथकाका म्हणतात, समोरचे शेजारी ‘मिस्त्री साब’.

लेथकाका मलकपेठेत आला कुठून, हे समजायला थोडे मागे जावे लागते. 1956 पर्यंत मराठवाड्याची राजधानी हैदराबाद होती. परभणी, नांदेड, बीडची मुले शिकायला आणि पोटापाण्याला इकडे यायची. 1942 मध्ये ऑल्विन निघाली, 1943 मध्ये प्रागा टूल्स, पुढे भेल आणि एचएमटी आल्या. अशा एखाद्या कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस निवृत्त झाला की ग्रॅच्युइटीतून मुलीचे लग्न करतो आणि उरलेल्या पैशांत राजकोट नाहीतर बटाल्याचा जुना लेथ घेतो. लेथ जिन्याखाली बसतो, त्याच्या शेजारी सहा इंची बेंच ग्राइंडर. लेथवर बायकोच्या जुन्या साडीचे पांघरूण असते. ग्राइंडरवर नसते, कारण ते घालायला सवडच मिळत नाही.

लेथकाका ओळखण्याची खूण त्याच्या डाव्या हातावर आहे. मनगटापासून कोपराच्या दिशेने चार-पाच बोटे रुंदीचा एक पट्टा पूर्ण तुळतुळीत असतो. धार लागली की नाही, हे तो तिथली लव काढून पाहतो. शास्त्राच्या दृष्टीने या परीक्षेला अर्थ नाही. दाढीच्या पात्याची धार पंधरा-वीस अंशांची असते. मऊ पोलाद कातणाऱ्या टूलला खालून आठ-दहा अंश क्लिअरन्स आणि वरून बारा-चौदा अंश रेक दिला, तरी मधली पाचर सत्तर अंशांच्या आसपास उरते. अशा बोजड पाचरीने लव निघणे अवघड, आणि ती निघते याचाच काकाला अभिमान. लग्नाच्या पंगतीत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलेला काका दुसऱ्या काकाला या पट्ट्यावरून ओळखतो. दवाखान्यात रक्तदाब बघणारी नर्स दर वेळी विचारते, ‘अंकल, चमडी का कुछ प्रॉब्लेम है क्या?’ काकू पट्टा पाहून घरातल्या कामांचा अंदाज बांधतात: पट्टा कोपराजवळ पोचला म्हणजे कुकरचे हँडल या महिन्यातही होणार नाही.

धार लावण्याची कृती ठरलेली आहे. हायस्पीड स्टीलची अर्ध्या इंची चौकोनी बिट घ्यायची. आधी तिची बाजू घासायची, मग टोक, मग वरचा रेक, शेवटी नाकाला किंचित गोलाई. तयार टूलवर हलक्या हाताने ऑइल स्टोन फिरवायचा. चाक पांढऱ्या अॅल्युमिनाचे. कार्बाइडच्या टिपेसाठी हिरवे. नवे चाक बसवण्यापूर्वी टकटक करून ऐकायचे: खणखणीत वाजले तर शाबूत, बद्द वाजले तर तडा गेलेले. टूल रेस्ट आणि चाक यांच्यात तीन मिलिमीटरहून जास्त फट नको. ग्राइंडर सुरू करताना चाकाच्या समोर उभे राहायचे नाही. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे आणि काका ते पाळतो. पुस्तकात नसलेली गोष्ट म्हणजे थांबायचे कधी.

काकाचा हात पाहावा तो ठिणग्यांच्या वेळी. बाजारात शिक्का मारलेली बिट ‘ओरिजिनल’ म्हणून मिळते. काका ती चाकाला नुसती टेकवतो. साधे कार्बन पोलाद असेल तर पांढऱ्या फाटेदार ठिणग्या लांबवर फुटतात. खरी हायस्पीड असेल तर लालसर, आखूड, जरा आळशी ठिणग्या पडतात. या एका बाबतीत त्याला फसवणे कोणालाच जमत नाही. मात्र तापलेली बिट पाण्यात बुडवावी की नाही, यावर मलकपेठेत दोन पंथ आहेत. साधे पोलाद निळे पडले की मऊ झाले, म्हणून त्याला पाणी हवेच. हायस्पीड मंद लाल होईपर्यंत आपली कठिणता सोडत नाही. उलट एकदम थंड केली तर धारेला केसासारख्या भेगा पडू शकतात. मूसारामबागेकडचा पाणीवाला काका आणि सैदाबादकडचा बिनपाणीवाला काका यांची तीस वर्षांची मैत्री या मुद्द्यावर संपली. गणेशोत्सवात ते आता समोरासमोर बसतात, ते केवळ एकमेकांचे पट्टे बघायला.

टोकले की काका टेलरचे नाव काढतो. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने मॉन्सेल व्हाइटबरोबर हायस्पीड स्टीलची उष्णता-प्रक्रिया शोधली आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ती जगाला दाखवली. धातू कापण्याच्या कलेवरचा त्याचा प्रबंध 1906 चा. त्यासाठी त्याने सव्वीस वर्षे प्रयोग केले आणि आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा कीस पाडला. काका यातली सव्वीस वर्षे सांगतो, कीस सांगत नाही. टेलरचे आणखी एक मत त्याला विशेष प्रिय आहे: टर्नरने आपले टूल आपण घासू नये, त्यासाठी टूलरूममध्ये वेगळा माणूस असावा. हा वेगळा माणूस आपणच, आणि तेव्हा टर्नरचे काम आपले नव्हेच, हा निष्कर्ष काकाचा स्वतःचा. मग गाडी निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमवर येते, जिथले वूट्झ पोलाद इराणी व्यापारी तलवारींसाठी नेत असत. कुकरच्या हँडलचा विषय तोवर मागे पडलेला असतो.

एका मंडळाने गणपतीच्या देखाव्यातले सुदर्शन चक्र फिरावे म्हणून राखी पौर्णिमेलाच पितळी बुश सांगितला होता. पितळ ठिसूळ, त्याला वरचा रेक शून्य लागतो, नाहीतर टूल आत ओढले जाते आणि जॉब उसळतो. काकाकडची सगळी टूल्स पोलादासाठी घासलेली. म्हणून नवी बिट आली, चाक ड्रेस झाले, टूल पोस्टखाली पॅकिंगच्या पट्ट्या लागल्या. टूल सेंटरला आहे का, हे पाहायला जॉब आणि टोक यांच्यामध्ये सहा इंची पट्टी हलकेच दाबून धरली गेली: पट्टीचे डोके आपल्याकडे झुकले तर टूल खाली, जॉबकडे झुकले तर वर. पट्टी काटकोनात उभी राहिली तेव्हा गणपती बसून चार दिवस झाले होते. दहाही दिवस चक्र मागे दडवलेल्या चौथीतल्या मुलाने हाताने फिरवले. अनंत चतुर्दशीला मिरवणूक निघताना काका धावत आला आणि फडक्यातून काहीतरी काढून अध्यक्षांच्या हातावर ठेवले. ते टूल होते. ‘आता बघा धार,’ तो म्हणाला. अध्यक्षांनी ते गणपतीपुढे ठेवून हात जोडले. काही जणांनी हळदकुंकूही वाहिले.

मलकपेठेतल्याच रेसकोर्सवरची शर्यत दीड-दोन मिनिटांत संपते, आणि काकाच्या गल्लीतले बाकीचे जगही त्याच वेगाने चालते. आता कारखान्यात टूल घासतच नाहीत. कार्बाइडचे इन्सर्ट येतात, एक कोपरा झिजला की स्क्रू सैल करून दुसरा कोपरा पुढे करायचा, सगळे कोपरे संपले की भंगारात. सीएनसीवरच्या पोराला रेक किती, हे माहीत नसते आणि त्याचे त्यावाचून अडतही नाही. काकाने तीस वर्षांत मिळवलेले बोटांतले ज्ञान कंपन्या आता पुठ्ठ्याच्या पेटीत दहा-दहा नग घालून विकतात. त्याची टूलरूम बंद झाली तेव्हा निरोप समारंभात त्याला भिंतीवरचे घड्याळ मिळाले.

तरी वर्षातून एखादे गिऱ्हाईक असे येते की बाजारात त्याचा इलाज नसतो. नलगोंडा चौरस्त्याजवळच्या वर्कशॉपमधला एक तरुण टर्नर आजोबांच्या काळातल्या इंग्रजी पंपाचा झिजलेला बोल्ट घेऊन आला. धागा व्हिटवर्थ, 55 अंशांचा. त्याच्याकडचे इन्सर्ट मेट्रिक, 60 अंशांचे. काकाने बिट घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि गेज न लावता टोक घासले. मग गेज लावून दिव्यासमोर धरले, तेव्हा दोहोंच्या फटीतून उजेड दिसला नाही. साडी बाजूला झाली, लेथ सुरू झाला, संध्याकाळी नट बोल्टवर बोटाने फिरत शेवटपर्यंत गेला. पोराने पैसे विचारले तेव्हा काका रागावला. त्या दिवशी त्याने लव काढून पाहिली नाही, हे काकूंच्या लक्षात आले. कुकरला हँडल मात्र अजून नाही.

लेथकाका गेल्यावर मुले लेथ विकतात. तो जड असतो म्हणून लवकर विकतात. टूल्सची लाकडी पेटी जुम्मेरात बाजारात पोचते. तिथल्या भंगारवाल्याला अंश कळत नाहीत, पण हायस्पीडमध्ये टंगस्टन असते, ती लोखंडाच्या भावाने द्यायची नसते, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. पेटी बराच वेळ न्याहाळून शेवटी घासाघीस न करता उचलणारा माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात असतो. तो एकेक टूल उजेडाकडे धरून पाहतो, मान डोलावतो, घरी नेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळी पुन्हा घासायला घेतो.