मायक्रॉन, सूत आणि अंदाज

सकाळी सिडकोतल्या कुठल्याही चौकात उभं राहिलं, की कंपन्यांच्या बसची वाट बघणारी मंडळी दिसतात. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, पायात सेफ्टी शूज. कुणी वाळूजला निघालेला, कुणी शेंद्र्याला, कुणी चिकलठाण्याला. यांतल्या बऱ्याच जणांच्या कामात मिलिमीटर हे फारच ढोबळ माप समजलं जातं. तिथं कारभार मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालतो. एखादी दांडी ठरल्यापेक्षा वीस मायक्रॉन जाड निघाली, की तिची रवानगी लाल ट्रेमध्ये. संध्याकाळी हीच माणसं घरी येतात, मिक्सर चालू होत नाही अशी तक्रार ऐकतात आणि त्याच्या पाठीत तळहाताचा एक ठेवून देतात. मिक्सर घरघरतो. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

बाहेरगावच्या लोकांना छत्रपती संभाजीनगर म्हटलं की वेरूळ, अजिंठा आणि बीबी का मकबरा आठवतो. आम्हां राहणाऱ्यांना आठवतात ते सुटे भाग. १९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानं सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली. एंड्युरन्स, व्हेरॉक ही नावं इथंच मोठी झाली. शॉकअप, ब्रेक, दिवे, इंजिनातले व्हॉल्व्ह असं काय काय इथून देशभर जातं. गुडइयरचा टायरचा कारखानाही वाळूजलाच आहे. पाटण्याच्या गल्लीत धावणाऱ्या एखाद्या मोटारसायकलच्या पोटातही आमच्या गावचा एखादा तुकडा असणार, याची मला खात्री आहे. आणि अशा गावात राहून स्वयंपाकघरातल्या गळक्या नळासाठी एक वॉशर मिळवायचा, तर माणूस गुलमंडीपासून शहागंजपर्यंत पायपीट करतो.

हार्डवेअरच्या दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नमुना आणलाय का?" प्रश्न बिनतोड आहे. पण नमुना आणायचा म्हणजे तो नळातून काढायचा. काढायचा म्हणजे वरच्या टाकीची चावी बंद करायची. चावी बंद केली, की घरातली धुणी-भांडी, आंघोळी आणि सगळ्यांचे स्वभाव एकदम थांबतात. त्या थांबलेल्या घराला मागं टाकून तुम्ही खिशात तो काळा, चपटा, झिजलेला तुकडा घेऊन निघता. दुकानदार तो चिमटीत धरून उजेडात बघतो आणि दुसरा प्रश्न विचारतो, "कंपनीचं देऊ, का चालणारं देऊ?"

या प्रश्नावर मी बराच विचार केलेला आहे. कंपनीचं जे असतं ते चालत नाही, असं त्याला सुचवायचं नसतं. चालणारं जे आहे ते कुठल्याच कंपनीचं नाही, एवढं मात्र त्यात कबूल केलेलं असतं. त्या दोहोंच्या किमतीतल्या फरकात गिऱ्हाइकानं आपली ऐपत, आपला कंटाळा आणि नळाचं वय यांचा हिशोब बसवायचा असतो.

पुन्हा मापाचा घोळ वेगळाच. देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. किलो आले, लिटर आले, शेर-पायली म्हातारपणी गावाला गेले. नळ-पाइपच्या दुकानात मात्र अजून इंच आणि सूत नांदतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. हे ऐकून एखाद्यानं हौसेनं पट्टी घेऊन अर्धा इंची लोखंडी पाइप मोजावा. बाहेरून तो एकवीस मिलिमीटरच्या वर भरतो, आतून सोळाच्या आसपास. खरा अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि तो त्या पाइपात कुठंच सापडत नाही. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिरानं १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं माप सगळीकडे सारखं असावं म्हणून आराखडा मांडला. त्याच्या ५५ अंशांच्या आट्यांवर आपले नळ आजही फिरतात. म्हणजे आमच्या शहरात दिवसा मायक्रॉनचं राज्य असतं आणि घरात व्हिटवर्थसाहेबाचं.

ही दोन राज्यं एकदा आमच्या स्वयंपाकघरात समोरासमोर आली. शेजारचे गृहस्थ वाळूजला एका कंपनीत क्वालिटीत आहेत. नळ गळतोय म्हटल्यावर ते स्वतःचा वर्नियर घेऊनच आले. प्लंबरनं पान्यानं नळाचं डोकं खोललं, दांडी बाहेर काढली आणि टोकावरचा वॉशर ओट्यावर ठेवला. शेजाऱ्यांनी तो तीन बाजूंनी मोजला, तीन वेगळे आकडे आले, त्यांची सरासरी काढली. तोवर प्लंबर नळाच्या पोटात बोट घालून चाचपत होता. "वॉशरचा काय दोष नाही, काका," तो म्हणाला, "खालची बैठकच एका अंगानं खाल्लीय. बोअरचं पाणी ना. नवा वॉशर टाकला तरी गळनारच."

मग त्यानं पिशवीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढला. कात्रीनं त्यातून एक चकती कापली, ती जवळजवळ गोल होती. मधे खिळ्यानं भोक पाडलं, जुन्या वॉशरच्या पाठीला ती लावली आणि दांडी परत बसवली. ट्यूबचं रबर मऊ. खाल्लेल्या बैठकीच्या खाचाखोचांत ते दाबून बसलं. नळ बंद झाला तो थेंब न गाळता. शेजाऱ्यांना राहवेना. "याचं टॉलरन्स किती धरलंस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"म्हणजे कमी-जास्त किती झालेलं चालतं?"

"गळालं नाही म्हंजी बसलं," तो म्हणाला आणि पाना पिशवीत टाकला.

शेजारी वर्नियर मिटून घरी गेले. माझ्या डोक्यात मात्र ती चकती फिरत राहिली. कारखान्यातून नळ बाहेर पडतात ते सगळे एका मापाचे, त्यासाठीच तर मायक्रॉनचा एवढा आटापिटा. पण एक नळ बोअरच्या पाण्यावर जातो, एक टाकीच्या. एकाला पोरं ताकद लावून आवळतात, एकाला आजी अर्धवट सोडते. दहा-पंधरा वर्षांत प्रत्येकाची झीज निराळी, खोड निराळी. नवा वॉशर नव्या नळाच्या मापाचा असतो, आणि तसा नळ आता घरात उरलेलाच नसतो. सारख्या वस्तू बनवायची विद्या कारखान्याकडे असते. वेगळ्या होऊन बसलेल्या वस्तूंशी कसं वागायचं, ती विद्या पिशवी घेऊन सायकलवरून फिरते.

वर्षानुवर्षं हीच विद्या या गावाला पाणी पाजत आली आहे. आमच्याकडे पाणी पैठणच्या नाथसागरातून चढावानं येतं, आणि ते रोज येत नाही. पाणी येण्याचा दिवस हा घरातला सण असतो. त्या सणाला नेमकी वरची टाकी कोरडी पडलेली असते. मग टाकी भरते, पण बाथरूमच्या नळातून नुसतं फुस्स. "लाइनीत हवा धरली," असं निदान होतं. ते अचूक असतं. टाकी रिकामी झाली की पाइपात हवा शिरते आणि पाइप जिथं वर उचलून पुन्हा खाली उतरवलेला असतो, त्या वळणाशी अडकून बसते. टाकीची उंची ती कितीशी? तेवढ्या दाबानं ती हवा हलत नाही. मग दुसऱ्या नळाला रबरी नळी लावायची आणि उलट्या बाजूनं पाणी घुसवून हवा टाकीकडे पळवून लावायची.

सतराव्या शतकात मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून या शहरात आणलं, तेव्हा त्याच्या कारागिरांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी नहरीच्या वाटेवर हवा निसटायला उंच मनोरे बांधले. पाणचक्कीला गेलं की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात उंच भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी बघून लोक फोटो काढतात. मला तिथं आमच्या गच्चीवरचा हवेचा पाइप आठवतो. तो बसवायला ठेकेदार विसरला, मलिक अंबर विसरला नव्हता.

हवेचं हे एक टोक. घरात ती नको तिथं शिरते आणि रस्त्यावर हवी तिथून जाते.

हवेचा टायर ही मुळात घरगुती दुरुस्तीच होती. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्यानं मुलाच्या तीनचाकी सायकलीचे दणके कमी व्हावेत म्हणून चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली. ज्या चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली गंधक आणि उष्णतेनं रबर टिकाऊ करायची युक्ती शोधली, तो १८६० मध्ये कर्जात बुडून वारला. त्याच्या नावाची कंपनी निघाली १८९८ साली, दुसऱ्यांनीच काढलेली. टायरच्या धंद्यात शोध लावणाऱ्यापेक्षा पंक्चर काढणाऱ्याची मिळकत नियमित असते.

त्या पंक्चरवाल्याचं काम एकदा नीट बघावं. लोखंडी पट्टीनं टायरची कड उचलली जाते, ट्यूब बाहेर येते. तीत थोडी हवा भरून ती घमेल्यातल्या गढूळ पाण्यात इंच-इंच फिरवली जाते. बुडबुडे उठले, की तिथं खूण. मग कानशीनं घासणं, सोल्यूशनचं बोट फिरवणं आणि ते सुकेपर्यंत थांबणं. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ धरत नाही, हे त्याला ठाऊक असतं. त्या थांबण्याच्या वेळात तो खरं काम करतो. टायरच्या आत हात घालून बोटांची टोकं सावकाश गोल फिरवतो. शिकाऊ पोरगं इथंच चुकतं. ठिगळ चिकटवून ट्यूब परत घालतं आणि आत रुतलेला खिळा पुढच्या चौकात पुन्हा आपलं काम करतो. जुन्या हाताला तो सापडतो. पक्कडीनं ओढून तो तुमच्या तळहातावर ठेवला जातो. तो पाव इंचाचाही नसतो. एवढ्यानं आपली एवढी गाडी बसवली, हे पचायला वेळ लागतो. ट्यूबलेस आल्यापासून हा सोहळा आटोपता झालाय. भोकात काळी चिकट दोरी खुपसली, वरचं शेपूट कापलं, की झालं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मी "चालणाऱ्या"चा पक्ष घेतलाय. उस्मानपुऱ्यात मी ज्याच्याकडे गाडी नेतो, त्या मिस्त्रीनं तो पक्ष मला पूर्ण घेऊ दिला नाही. हा माणूस स्वतः चालणाऱ्याचा मोठा पुरस्कर्ता. आरसा, हँडलची ग्रिप, क्लचची वायर, सगळ्याला त्याचं एकच उत्तर, "चालंल की अजून." एकदा मागच्या ब्रेकचे लायनर संपले होते. कंपनीचे त्याच्याकडे नव्हते.

"दुसरे असतील की," मी म्हणालो.

"हायेत. पन ब्रेकला ते नाही टाकत मी. गाडी राहू द्या हितं. उद्या येतील. आज रिक्षानं जा."

आणि रिक्षा येईपर्यंत त्यानं मला टायरपुढे बसवून धडा दिला. नक्षीच्या खाचेत तळाशी आडवा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, की टायर संपला; तिथं "चालंल" नाही. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. दुकानात चकचकीत दिसणारा नवा टायर कधीकधी तिथं चांगला वयस्कर निघतो. हे सगळं तो ऑईलनं माखलेल्या बोटानं दाखवत होता. क्वालिटीवाले शेजारी तिथं असते तर त्यांनी त्याला नोकरी देऊ केली असती.

मला वाटतं, दुरुस्तीची सगळी अक्कल या सीमारेषेत आहे. मायक्रॉन वापरायला यंत्र लागतं आणि अंदाज वापरायला धाडस. पण कुठं कुठलं वापरायचं हे ठरवायला मिस्त्री लागतो. जो सगळीकडे अंदाजानं जातो त्याच्या हातात ब्रेक देऊ नये. जो सगळीकडे वर्नियर लावतो त्याच्या घरचा नळ वर्षभर गळत राहतो.

तेव्हापासून घरातल्या वस्तूंची मी वाटणी करून टाकली आहे. गॅसचा रेग्युलेटर आणि नळी, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, गिझरची वायरिंग, ब्रेक आणि टायर हे कंपनीचं. दाराची कडी, मिक्सरचं झाकण, बादलीचा कान, खुर्चीचा पाय, फाटकाची बिजागरी हे चालणारं. शेजाऱ्यांनी यादी तपासून संमती दिली, प्लंबरनंही मान डोलावली. अडलं ते कूलरवर. त्याचं गवत, टुल्लू पंप आणि खडखडणारा पंखा कुठल्या बाजूला धरायचा यावर आमच्या ओसरीत बराच काथ्याकूट झाला. शेजाऱ्यांचं म्हणणं, त्याच्यानं काही कुणाचा जीव जात नाही, तेव्हा चालणारं. बाहेर मे महिन्याचं ऊन तापलेलं होतं. घरातून ही पाण्याचा तांब्या घेऊन आली, दोघांकडे बघितलं आणि निकाल दिला, "जून लागेस्तोवर कूलर ब्रेकमध्ये धरा. पाऊस पडला, की मग तुमचं काय ते चालणारं."