आरोग्यमंदिरी दर्शनाची वेळ

आम्हा पार्सेकरांस देवळांचे वावडे नाही. गोव्यातल्या आमच्या पार्से गावात श्रीभगवतीचे देवालय पूर्वापार आहे; तेथे कौल कसा मागावा आणि तो डावा पडला असता निमूटपणे घरी कसे परतावे, हे आम्हांस कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. म्हणूनच २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने, ज्यांस आम्ही अद्याप ‘उपकेंद्र’ म्हणतो त्या वास्तूंस ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नामाभिधान बहाल केले, फलकावर ‘आरोग्यं परमं धनम्’ हे बोधवाक्य रंगविण्याचा हुकूम सोडला आणि त्यापोटी दर केंद्रामागे ३,००० रुपये योजिले, तेव्हा आमची शंका एकच होती : दर्शनाची वेळ कोणती?

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मंदिरी (गावाचे नाव सांगत नाही, तेथील नर्सबाई भल्या आहेत) रक्तदाब मोजून घेण्यास गेलो. फलक कोरा करकरीत. दारास मात्र कुलूप, आणि कडीत वहीच्या पानाची चिठ्ठी : ‘लसीकरणास गेले आहे’. पायरीवर एक आजी, गोळ्यांचे रिकामे पाकीट पदराच्या गाठीत बांधून, बसल्या होत्या. ‘‘बसा हांगा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘देवी भोंवडेक गेल्या.’’

बसलो, आणि बसल्याबसल्या जुनी वचने आठवू लागलो. १९४६ साली भोर समितीने दर दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे, असे दूरचे स्वप्न लिहून ठेवले. पार्से तेव्हा फिरंगी अमलाखाली असल्यामुळे तो अहवाल आमच्या दप्तरी पोहोचला नाही. जेथे पोहोचला, तेथेही तो बहुधा दप्तरातच राहिला. पुढे १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे जमलेल्या राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवा हाच पाया असे ठरवून सन २००० पर्यंत सर्वांस आरोग्य देण्याचे वचन दिले; जामखेडास डॉ. आरोळे दांपत्य तर १९७० पासूनच, गावच्या अल्पशिक्षित बायांच्या हाती, ते काम गाजावाजा न करता करीत होते. आमच्या पेडणे तालुक्याने मात्र कळसापासून आरंभ केला. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी मोपास विमानतळाचे आणि धारगळीस आयुर्वेद संस्थेचे लोकार्पण झाले. तुयें येथील शंभर खाटांच्या इस्पितळाची इमारत तर कित्येक वर्षे रुग्णांवाचून उभी राहिली. आणि पेडण्यात चढलेला ताप पूर्वीप्रमाणेच म्हापशाच्या नाही तर बांबोळीच्या इस्पितळात जाऊन उतरत राहिला.

तासाभराने बाई स्कूटरवरून आल्या, पुढ्यात लसींचा निळा डबा. रेनकोट न काढताच त्यांनी कुलूप उघडले, आजींना महिन्याच्या गोळ्या मोजून दिल्या, ‘‘लोणचे सोडले की नाही?’’ अशी उलटतपासणी घेतली आणि मग आमचा दंड पुढे करवला. यंत्राच्या पट्ट्याची चिकटपट्टी केव्हाच निकामी झाली होती. बाईंनी हवा भरली, आणि पट्टा सुटू नये म्हणून, त्यांच्या सांगण्यावरून, आजींनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.