पाकिटाचा उरलेला तुकडा

औषधाच्या दुकानात संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा. "गुडघ्याची द्या हो, मागच्या वेळची," असं कुणीतरी म्हणतंच. दुकानदार पाकिटावर कात्री चालवतो आणि चार गोळ्या पुढे सरकवतो. घटक आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, पण तिच्याकडे ना देणारा बघतो, ना घेणारा. तो तुकडा मागून घ्या. निदान मोबाइलवर फोटो तरी काढा.

कारण त्या एका गोळीत बहुतेकदा दोन औषधं असतात: ॲसेक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. कधी सूज उतरवायला म्हणून तिसरं, सेरॅशिओपेप्टिडेज. जपानातल्या कंपनीने ते २०११ साली बाजारातून काढून घेतलं, कारण चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपण अजून त्याचे पैसे मोजतोय, याचा मला संताप येतो.

ॲसेक्लोफेनॅक दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी. बस्स. पण घरोघरी काय चालतं? सकाळी ही, दुपारी दाताच्या डॉक्टरांनी दिलेली डायक्लोफेनॅक, रात्री कंबर धरली म्हणून शेजारच्या काकूंना "लागू पडलेली". नावं तीन, जात एकच. पॅरासिटामॉल तर सर्दीच्या गोळीतही असतं.

सगळ्यात जास्त काळजी बीपीवाल्यांची वाटते. टेल्मिसार्टन चालू, जोडीला लघवी वाढवणारी गोळी, आणि वर ही वेदनाशामक. तिन्ही एकत्र आल्या की किडनीच्या गाळण्यातला दाब घसरतो. त्यात उन्हाळा, कमी पाणी किंवा जुलाब असले, की क्रिएटिनिन चढायला वेळ लागत नाही. "पॅन्टोप्राझोल घेते ना मी!" अहो, ती पोटापुरती, किडनीला तिचा उपयोग नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, कधी अल्सर झाला असेल, हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी तोंडात टाकूच नका. शौचाला डांबरासारखं काळं झालं, पाय सुजले, लघवी कमी झाली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गुडघ्याच्या झिजेला आधी डायक्लोफेनॅकचं मलम लावून बघावं. ते रक्तात फार थोडं उतरतं. पण सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली राहत असतील, मनगटं सुजत असतील, तर ती झीज नसून आमवात असू शकतो. या गोळीने दुखणं दबतं आणि आत सांधे खराब होतच राहतात. तिथे मेथोट्रेक्झेटसारखी औषधं लागतात, तीही रक्ततपासणी करत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि वेळेत.