एकोणीस घोडे, एक रेडा

मोटारसायकल काळी करायची म्हणजे नुसती टाकी रंगवून भागत नाही. इंजिन काळं, सायलेन्सर काळा, चाकं काळी. क्रोमची एवढीशी लकेर कुठे राहता कामा नये. आकुर्डीच्या बजाजने २०१५ साली अव्हेंजर नव्या रूपात आणली, तेव्हा चकाकी ‘क्रूझ’च्या वाट्याला गेली आणि काळोख ‘स्ट्रीट’च्या. एवढं उग्र रूप, पण बैठक जमिनीपासून पाऊण मीटरही नाही आणि पाय निवांत पुढे पसरलेले. मला तर तिच्याकडे पाहून यमाचा रेडाच आठवतो. काळाकुळकुळीत, ठेंगणा, भरल्या अंगाचा आणि मुळीच घाई नसलेला. यमाला तरी कुठे घाई असते? गिऱ्हाईक पळून जाणार कुठे!

आत २२० सीसीचं एकच सिलिंडर, ताकद सुमारे एकोणीस अश्वशक्तीची. घोडे एकोणीस आणि चाल रेड्याची. वडगावहून कार्ल्याकडे जुन्या हमरस्त्याने ती नाकासमोर, डुलत जाते. दोन चाकांमधलं लांबलचक अंतर तिथे कामी येतं. भाजे सोडून लोहगडाचा चढ लागला की तीच लांबी आडवी येते आणि प्रत्येक वळणावर गाडी जरा विचारात पडते.

लहानपणी पवन मावळात आत्याच्या गावी चिखलणीला जुंपलेले रेडे पाहिले होते. संध्याकाळी खाचरातून बाहेर येताना त्यांच्या अंगावर काळा रंग म्हणून उरलेला नसायचा. लोणावळ्याच्या पावसात ‘स्ट्रीट’चीही तीच गत होते. भुशी धरणाच्या वाटेवर एक पोरगा चहा निवू देऊन रुमालाने टाकी पुसत होता. पुसून होते न होते तोच पुढची सर. शेजारी कणसं भाजणाऱ्या आजीने विचारलं, “बाळा, सगळीच काळी घेतलीस, ती दृष्ट लागू नये म्हणून का रं?” पोरगा लाजला. त्याच्या आईने हँडलला बांधलेला काळा दोरा त्या काळ्यावर कुणाला दिसतच नव्हता.

एवढी काळी गाडी धुक्यात हरवेल, ही भीती मात्र नको. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतो विझवताच येत नाही. तेव्हा खुशाल निघा, बोरघाटात शिंग्रोबाला हात जोडा, पण या जुन्या रस्त्यानेच. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे. घोडे एकोणीस असोत की नव्वद.