चार काठ्यांचा हंसध्वनी

परदेशातल्या मुलांना शाळेत मिळणारे प्रकल्प शेवटी आजोळी येऊन पडतात, हे आता इंदूरच्या बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीला शाळेच्या कार्यक्रमात मरिंबा वाजवायचा होता आणि त्यासाठी आधी कुणीही न वाजवलेली, चार मिनिटांची एकल रचना हवी होती. "मामा, तू हार्मोनियम शिकवतोस ना? मग लिही की!" मागून तिच्या आईचा आवाज आला, "दादाचं बसल्याबसल्या होईल गं." आमच्या घरात थोरल्या भावाची सगळी कामं बसल्याबसल्याच होतात.

मरिंबा म्हणजे पियानोच्या क्रमाने मांडलेल्या लाकडी पट्ट्या आणि त्यांच्याखाली टांगलेल्या नळ्या. पूर्ण आकाराच्या वाद्यात पाच सप्तकं, ६१ पट्ट्या आणि लांबी अडीच मीटर. रामबागेतल्या आमच्या बैठकीत तो आला, तर पाहुण्यांना जिन्यात बसवावं लागेल. चांगल्या पट्ट्या मध्य अमेरिकेतल्या, आपल्या शिसवाच्याच कुळातल्या झाडाच्या. ग्वाटेमालात तर नळीच्या भोकावर डुकराच्या आतड्याचा पातळ पडदा चिकटवतात, सुराला झणझण यावी म्हणून. तंबोऱ्याची जवारी आपण सुताच्या दोऱ्याने काढतो, तसंच. ही माहिती मी घरात सांगितली नाही. चातुर्मास चालू होता.

खरी अडचण इंदूरची. ज्या गावात ख्यालगायक अमीर खाँसाहेब वाढले, तिथल्या माणसाच्या कानात लय मुरते ती अतिविलंबित. झुमरा तालाच्या मात्रा १४, पण खाँसाहेबांच्या झुमऱ्यात दोन मात्रांच्या मधल्या वेळात माणूस सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन येईल. मरिंब्याचा वरच्या सप्तकातला सूर मात्र जन्मतो तोच शेवटच्या घटका मोजत. दुसरी मात्रा येईस्तोवर त्याचं तेरावंसुद्धा उरकलेलं असतं. सूर लांबवायचाच, तर एकाच पट्टीवर दोन काठ्या भराभर आपटत राहायचं. त्याला ते लोक रोल म्हणतात. रोलवर दरबारीचा गंधार काढून पाहा. आंदोलन ऐकू येत नाही, भांडण ऐकू येतं. मींड तर नाहीच. दोन पट्ट्यांच्या मधे हवा असते.

मग खाँसाहेबांचा मेरुखंड आठवला, म्हणजे सुरांचे क्रम उलटसुलट मांडत जाणं. सात सुरांचे ५०४० क्रम होतात. सेकंदाला आठ सूर धरले तरी सगळे वाजवायला जवळजवळ सव्वा तास. अमेरिकेतल्या पालकांना तेवढा वेळ पार्किंग मिळत नाही, असं बहिणीने कळवलं.

रोज सकाळी मी पेटी घेऊन बसायचो आणि नेमकी तेव्हाच कचरागाडी यायची. आमचं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, आणि ते गाणं वाजवत सांगायची जबाबदारी या गाडीवर आहे. तिची चाल कानात घेऊन नवीन काही सुचवणं हे बीथोव्हनलाच जमलं असतं, तेही उत्तरायुष्यात.

कोडं सोडवलं शेजारच्या काकांनी. ते तबला शिकवतात आणि कुणाचंही ऐकत नाहीत. "अरे भिया, वाद्य ठोकायचं आहे ना? मग गवयांच्या मागे कशाला लागलास? वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे होळकरांच्या पदरी पखवाज घेऊन होते. जहाँगीर खाँसाहेबांनी इथे शंभरी ओलांडेपर्यंत तबला सांभाळला. ठोकलेला बोल मरतोच. मरणाऱ्या बोलातून वेळ कसा भरायचा, हे या गावाला कुणी शिकवायचं?"

काका बरोबर होते. त्यांना तसं सांगायची पद्धत नाही.

एकल तबला कधी एकटा नसतो, मागे आवर्तन धरून ठेवणारी सुरावट, म्हणजे लेहरा असतो. मरिंब्याला चार काठ्या आहेत, म्हणजे साथीदार अंगभूतच. डाव्या हाताच्या आतल्या काठीला तीनतालाचा लेहरा दिला, बाहेरच्या काठीला खर्जातला डग्गा आणि उजव्या हाताला कायदा. खाली आली की डग्गा गप्प होतो, तशी ती बाहेरची काठी उचलून धरायची. पुढे पलटे, रेला, शेवटी तिहाई. राग हंसध्वनी: सा, रे, ग, प, नी. मींडेवाचून अडत नाही, आणि अमीर खाँसाहेबांनीही तो गायला आहे, म्हणजे गावाचीही अब्रू राहिली.

"सा कुठला, मामा?" भाचीने विचारलं. "काळी एक," मी म्हणालो. त्यावर तिकडे शांतता. मरिंब्यावर काळ्या काय नि पांढऱ्या काय, सगळ्याच तपकिरी. शेवटी पांढरी एकवर तडजोड झाली. तिच्या मास्तरांनी ऐकून सांगितलं, मेजर सेव्हन्थ कॉर्डचा वापर सुरेख आहे. काकांनी हे ऐकलं आणि दोन दिवस आमच्याकडे चहा घेतला नाही.

ओळखीचे एक गवई म्हणाले, ठोकून का कुठे राग होतो! मी त्यांना मैहर दाखवलं. बाबा अलाउद्दीन खाँसाहेबांनी तिथे अनाथ मुलांचा बँड उभा केला आणि बंदुकीच्या नळ्या कापून नळतरंग बनवला. बंदुकीतून राग निघतो, मग लाकडाने काय घोडं मारलंय?

रचना तिकडे वाजली. मी ती फक्त फोनवर ऐकली, आणि फोनमधून डग्गा ऐकू येत नाही. इंदुरात कुणाकडे मरिंबा असेल तर कळवा. वाजवायला विद्यार्थी आणतो, पोहे-जिलबी माझ्याकडून, आणि काकांना मी सांभाळतो.