जोशी बोला

दुपारचे पावणेदोन वाजले की आयर्लंडमध्ये रेडिओवर एक ठरलेली धून वाजते, फोन नंबर सांगितला जातो आणि देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून एका बाईंचा आवाज येतो. सुरुवात साधारण अशी : "हे बघ, मी काही तक्रार करणाऱ्यातली नाही, पण..." त्या 'पण'नंतर सव्वा तास दुसरं काही होत नाही.

कार्यक्रमाचं नाव 'लाइव्हलाइन', केंद्र आरटीई ह्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेचं रेडिओ वन. १९८५ साली मॅरिअन फिन्युकेन यांच्या आवाजात तो सुरू झाला. १९९९ मध्ये तो जो डफी यांच्याकडे आला आणि २७ जून २०२५ ला निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. इतकी वर्षं एकच माणूस फोन घेत राहिल्यामुळे 'टॉक टु जो' हे कार्यक्रमाचं ब्रीदवाक्य न राहता देशाचा वाक्प्रचार झाला. कुणी फार कुरकुर करू लागलं की घरचेच सांगायचे, जा, जोला फोन कर. 'टॉक टु जो'चं सरळ मराठी केलं तर 'जोशी बोला' असं होतं आणि मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शनिवार पेठेतले एक गृहस्थ उभे राहतात. दारावर पाटी, 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये'. डब्लिनच्या जोचं सगळंच उलटं होतं. बेल दुपारीच वाजवावी, आणि तक्रार असेल तरच.

ह्या कार्यक्रमाची गरज का पडली, हे समजायला आयरिश माणसाला हॉटेलात जेवताना पाहावं. सूप गार आलेलं असतं. पाव कालचा असतो. मागवलेला मासा आलेलाच नसतो, त्याच्या जागी कोंबडी असते आणि ती बिचारी निमूटपणे खाल्ली जात असते. तेवढ्यात वेटर येऊन विचारतो, "सगळं ठीक ना?" सगळं टेबल एकसुरात म्हणतं, "लव्हली, थँक्यू." वर टिप ठेवली जाते. गाडीत बसून दार लागलं की मग सूप, पाव, कोंबडी आणि वेटरचं एकंदर खानदान ह्यांचा हिशेब सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवशी पावणेदोनला तो सगळ्या देशाला ऐकवला जातो. मराठीत ह्याला लेकी बोले सुने लागे म्हणतात. आपल्याकडे लेक एकच असते. तिथे रोज तीनेक लाख लेकी कान टवकारून बसलेल्या असतात.

तक्रार करण्याला आयरिश इंग्रजीत 'गिव्हिंग आऊट' म्हणतात. मूळ आयरिश भाषेतल्या शब्दप्रयोगाचं ते सरळ भाषांतर. अर्थ, बाहेर देणं. बाहेर म्हणजे कुठे, एवढाच प्रश्न होता. तो रेडिओने सोडवला.

विषय म्हणाल तर कुठलाही चालतो. शेजाऱ्याची कुंपणाची झाडं वाढली आणि स्वयंपाकघरात ऊन येईनासं झालं. लग्नाच्या पाकिटात किती घालायचे? इथे तर एक शास्त्रच आहे : आपल्या ताटाचा खर्च निघाला पाहिजे. म्हणजे यजमानाने महागडं हॉटेल घेतलं की पाहुण्याचा आहेर आपोआप वाढतो, आणि हे न्याय्य आहे की नाही ह्यावर एक अख्खी दुपार जाऊ शकते. मे महिन्यात सात-आठ वर्षांच्या मुलामुलींचा फर्स्ट कम्युनियन हा कॅथलिक संस्कार असतो. पांढरे झगे, घरामागे उड्या मारायचा हवा भरलेला किल्ला, मामा-मावश्यांची पाकिटं. मुंजीतली भिक्षावळ पाहिलेल्या माणसाला नवल वाटू नये. पण पैसे मुलाचे की आईबापांचे, हा वाद त्या समुद्रापलीकडेही मिटलेला नाही.

गेल्या काही वर्षांतला लाडका विषय म्हणजे बाटल्या आणि डबे. १ फेब्रुवारी २०२४ पासून आयर्लंडमध्ये पेयाच्या प्लास्टिक बाटलीवर आणि डब्यावर अनामत आकारली जाते. अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट, त्याहून मोठ्याला २५. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की अनामत परत. यंत्राची अट : डबा चेपलेला नको, बारकोड शाबूत हवा. आता ह्याच देशाला अनेक वर्षं शिकवलं होतं की डबा कचऱ्यात टाकण्याआधी चेपा, जागा कमी लागते. लोक इमानदारीने चेपायला शिकले, आणि ज्या दिवशी सगळ्यांचा हात बसला त्या दिवशी नियम फिरला. पिशवीभर डबे घेऊन एक आजोबा यंत्रासमोर उभे आहेत, एकेक डबा आत जातो आणि यंत्र तो नाकारून पुन्हा बाहेर ढकलतं. एरवी तोंडावर न बोलणारा हा समाज, आणि पुढ्यात असं यंत्र की जे दर वेळी तोंडावर नाही म्हणतं!

एका विषयाकडे मात्र जरा थांबून बघायला हवं. तो म्हणजे 'इमर्शन'. जुन्या आयरिश घरात तांब्याची मोठी टाकी असते आणि तिच्यात पाणी तापवणारं विजेचं कांडं. टाकी असते भिंतीतल्या कपाटात. कपाटाचं नाव 'हॉट प्रेस', कारण प्रेस म्हणजे तिथे कपाट. टाकीच्या उबेवर फळ्यांवरचे टॉवेल आणि चादरी वाळतात. बाहेर भिंतीवर दोन बटणं. एक चालू-बंदचं, दुसऱ्यावर लिहिलेलं असतं 'सिंक' आणि 'बाथ'. सिंक म्हणजे टाकीचा वरचा थोडा भाग तापणार, बाथ म्हणजे अख्खी टाकी. आता 'बाथ'वर बटण ठेवून विसरणं हे त्या देशातलं महापातक. कुटुंब सुट्टीला निघालेलं असतं, गाडी तासभर पुढे आलेली असते आणि पुढच्या सीटवरून आईचा आवाज येतो, "इमर्शन बंद केलं का?" गाडीत शांतता पसरते. डेस बिशप ह्या विनोदी कलावंताने ह्या एका बटणावर रंगमंच गाजवला. महाबळेश्वरला निघालेल्या मराठी कुटुंबात हेच वाक्य गॅसच्या कॉकवरून वाई यायच्या आत निघतं, त्यामुळे डब्लिनला नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला बाकी काही कळो न कळो, इमर्शन पहिल्या आठवड्यात कळतं.

रेडिओवरच्या ह्या गप्पांचा वंश जुना आहे. १९६३ ते १९८५ अशी बावीस वर्षं फ्रँकी बर्न नावाच्या बाई रेडिओवरून लोकांना प्रेमप्रकरणांवर सल्ला देत होत्या. प्रायोजक जेकब्सची बिस्किटं, दोन पत्रांच्या मध्ये फ्रँक सिनात्राची गाणी, आणि बाईंचा घोगरा, कडक आवाज. नवरा बोलत नाही, प्रियकर लग्नाचं नाव काढत नाही, सासू घरातून हलत नाही. अर्धा देश आपलं नव्हेच असं दाखवत कान लावून ऐकायचा. बाई स्वतः अविवाहित. त्यांच्या पोटी एक मुलगी झाली होती आणि तिला दत्तक द्यावं लागलं होतं, हे त्यांच्या पश्चात उजेडात आलं. इतरांच्या पत्रांना उत्तरं देताना हे सगळं त्यांच्या पोटातच राहिलं.

त्या आडनावाचा दुसरा माणूस म्हणजे गे बर्न. टीव्हीवर 'लेट लेट शो', रेडिओवर रोज सकाळची बैठक. देशाची दोन्ही टोकं ह्यांच्या हातात होती. १९६६ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर त्यांनी नवराबायकोंचा एक खेळ घेतला. मधुचंद्राच्या रात्री बायकोच्या नाइटीचा रंग कोणता होता? नवरा म्हणाला, पारदर्शक. बाईंना आठवेना, म्हणाल्या, बहुतेक घातलीच नव्हती. प्रेक्षक हसले, विषय संपला. क्लोनफर्टच्या बिशपांसाठी मात्र तो तिथे सुरू झाला. त्यांनी रविवारच्या प्रवचनात ह्या कार्यक्रमाचा निषेध केला आणि ज्यांनी तो पाहिला नव्हता त्यांनाही नाइटीची गोष्ट घरपोच मिळाली. 'बिशप आणि नाइटी' हे प्रकरण आजही त्याच नावाने ओळखलं जातं. हा तो देश, जिथे पुढे १९७९ चा कायदा झाला तेव्हाही निरोध घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागायची; १९८५ मध्ये ती अट सुटली.

म्हणूनच रेडिओ तिथे नुसती करमणूक राहिली नाही. १९८४ च्या जानेवारीत ग्रॅनार्ड गावात पंधरा वर्षांची एक मुलगी मेरीमातेच्या मूर्तीपाशी, थंडीपावसात एकटीच बाळंत झाली. बाळ गेलं, तीही गेली. त्यानंतर गे बर्न यांच्या रेडिओ कार्यक्रमाकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. कुणी शेतात बाळंत झालेली, कुणी लपवलेली, कुणी आयुष्यभर नवऱ्यालाही न सांगितलेली. २३ फेब्रुवारीला ती पत्रं वाचली गेली, एकामागून एक, जवळजवळ सगळा कार्यक्रमभर, भाष्याशिवाय. तोंडावर न बोलणाऱ्या देशाने किती न बोलून ठेवलं होतं, ते त्या सकाळी ऐकू आलं.

पण त्याच कार्यक्रमाने तीन वर्षांनी देशाला चांगलंच बनवलंही. १९८७ मध्ये निवेदक गेरी रायन आणि काही मंडळींना कॉनेमाराच्या माळावर सोडून दिलं गेलं, जंगलात माणूस कसा तगतो हे पाहायला. रायन यांनी वर्णन केलं : भूक लागली, मोज्यात दगड घातला आणि कोकरू मारून खाल्लं. देश हादरला. ज्या घरात दर रविवारी भाजलेलं कोकरू ताटात यायचं, त्याही घरातून संताप. पुढे कळलं की कोकरू मेलंच नव्हतं, सगळी थाप होती. रायन यांचं नाव 'लॅम्बो' पडलं. शिक्षा म्हणून की बक्षीस म्हणून ते देव जाणे, पण पुढच्याच वर्षी त्यांना टूएफएम ह्या रेडिओ केंद्रावर स्वतःचा कार्यक्रम मिळाला आणि २०१० मध्ये निधन होईपर्यंत तो चालला.

'लाइव्हलाइन'वर एक फोन कसा फुगत जातो, हा बघण्यासारखा प्रकार आहे. पहिल्या बाई सोफ्याची तक्रार सांगतात. दुसरा फोन कॉर्कहून, माझंही अस्संच झालं. तिसरा म्हणतो, मी त्याच दुकानात कामाला होतो. चौथा फोन सोफ्याबद्दल नसतोच. पहिल्या बाईंचा आवाज ऐकून त्यांची शाळेतली मैत्रीण पुढे आलेली असते. २०२२ च्या जनगणनेत ह्या देशात ५१ लाख ४९ हजार माणसं होती. एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ सालीच ९४ लाख. अशा देशात 'नाव सांगत नाही' म्हणून केलेली तक्रार गावाचं नाव येईपर्यंतच निनावी राहते.

कधी सोफा बाजूला राहतो. १८ सप्टेंबर २००८ ला लोक फोनवर सांगू लागले की आपले पैसे बँकेत सुरक्षित वाटत नाहीत, काढून घेतोय. अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांनी थेट आरटीईच्या प्रमुखांना फोन केला. रेडिओबद्दलची तक्रार घेऊन मंत्र्यांना जायला जागा उरली नव्हती, ती सगळी जागा जोकडे होती. दोन दिवसांत ठेवींची हमी २० हजार युरोंवरून एक लाखावर गेली आणि महिनाअखेर सरकारने बँकांचं जवळजवळ सगळं देणंच अंगावर घेतलं. बँका डुबायच्या त्या डुबल्याच. रेडिओला फक्त ते आधी ऐकू आलं होतं.

१८ जानेवारी २०१५, रविवार सकाळ. आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांचा छत्तिसावा वाढदिवस. आरटीई रेडिओवर मिरिअम ओ'कॅलहन यांच्याशी बोलताना त्यांनी सांगून टाकलं की आपण समलिंगी आहोत. त्याच मे महिन्यात समलिंगी विवाहाच्या बाजूने देशाने कौल दिला आणि २०१७ मध्ये वराडकर पंतप्रधान झाले. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान घरच्यांबरोबर आणि जोडीदाराबरोबर तिथे येऊन गेले. वराडच्या माणसाला 'लाइव्हलाइन' समजावून सांगावी लागणार नाही. मालवणी मुलखात देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने सांगतो, काय बिघडलंय, काय हवंय, कुणाची वाकडी नजर आहे, आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला म्हणतात, "व्हय महाराजा!" डब्लिनला तेच होतं, फक्त देवाच्या जागी जो आणि 'व्हय महाराजा'च्या जागी 'अगदी बरोबर, जो'. नारळ तेवढा नव्हता.

स्थानिक रेडिओचा रंग आणखी वेगळा. मेयो, केरी, डोनेगल अशा काउंट्यांमध्ये रेडिओवर रोज निधनवार्ता वाचतात. गाणं थांबतं, मंद सुरावट लागते, नाव, गाव, अंत्यविधीची वेळ. स्वयंपाकघरात चमचा हवेत थांबतो. कोण गेलं हे कळल्याशिवाय चहाचा पुढचा घोट घेत नाहीत, कारण तिथे अंत्यविधीला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच काटेकोर असतं, आणि राजकारणी माणसाला तर त्याहून. आता हे काम आरआयपी डॉट आयई ह्या संकेतस्थळाकडेही आहे. २०२५ पासून तिथे एका निधनवार्तेचे १०० युरो पडू लागले, तेव्हा मरणही महागलं म्हणून लोक चिडले. जे गेले त्यांची तक्रार नव्हती.

तीन वाजत आले की निवेदक आवरतं घेतो. पण आयरिश माणूस फोन एकदम ठेवत नाही, ठेवूच शकत नाही. "राइट," म्हणतो. मग "राइट सो." मग "गॉड ब्लेस." आणि मग सुरू होतं, "बाय, बाय, बाय, बाय-बाय-बायबायबाय", प्रत्येक बाय आधीच्यापेक्षा हळू आणि भरभर, जिन्यावरून चेंडू उतरत जावा तसा. धून लागते, जाहिरात लागते, बातम्यांची घंटा होते. सोफ्याच्या बाई अजून बाय म्हणत असतात, आणि मध्येच त्यांना आठवतं की ती उशांची गोष्ट सांगायची राहिलीच.