मोठ्यांनी सोबत मूल आणावे

आमची चिऊ तीन वर्षांची झाली. केक कापून झाला आणि बायकोने फोनमधल्या यादीतली एक ओळ खोडली. प्राणिसंग्रहालय. सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तीन ते बारा म्हणजे ‘बालक’, आणि बालकाला पैसे पडतात. आदल्या संध्याकाळपर्यंत जी पोर फुकटात ओरांगउटान बघू शकत होती, ती मेणबत्ती फुंकल्याबरोबर त्यांच्या दृष्टीने माणसात आली. गेल्याच आठवड्यात जाऊन यायला हवं होतं, असं बायको म्हणाली. मी म्हटलं, अगं, १९७३ पासून आहे ते, कुठे पळून जात नाही. त्यावर ती म्हणाली, ते नाही पळत, सवलत पळते.

त्याच महिन्यात दुसरा घाला पडला. चिऊ नव्वद सेंटिमीटरच्या वर गेली. इथे मोठ्या माणसासोबतचं ०.९ मीटरपर्यंतचं मूल बसमध्ये आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, फुकट जातं. त्याहून उंच झालं तरी सात वर्षांखालचं, पहिलीत न गेलेलं मूल फुकटच असतं, पण मग त्याचं वेगळं कार्ड काढावं लागतं. फुकटेपणाचा पुरावा म्हणून. आमच्या साताऱ्याच्या घरी दाराच्या चौकटीवर आम्हा भावंडांच्या उंचीच्या रेघा आहेत. मूल वाढलं की रेघ मारायची. इथे रेघ आधीपासून तयार होती, आमचं मूल मागाहून येऊन तिला भिडलं. शेवटचे दोन महिने मी तिला ‘ताठ उभी राहा’ असं एकदाही म्हणालो नाही.

गंमत अशी की, ज्या पाळण्यांत बसून किंचाळायचं असतं तिथे नेमकी उंची कमी पडते. म्हणजे फुकट जायचं तर बुटकं असावं लागतं आणि घाबरायचं तर उंच. मधल्या उंचीच्या मुलांनी काय करावं? त्यांनी काही करायचं नसतं. त्यांचे आईबाप याद्या करतात.

आमची यादी फोनमध्ये आहे. ठिकाण, खर्च, सावली, शौचालय आणि शिकण्याजोगं काय, असे रकाने. शेवटच्या रकान्यावाचून या शहरात मुलाला घराबाहेर काढता येत नाही. डासाने चावा घेतला तर तो निसर्ग परिचय. ‘मजा’ असा एक रकाना घालू या, असं मी सुचवून पाहिलं. मजा मोजायची कशी, असं बायकोने विचारलं आणि विषय मिटला. मजेची नोंद आमच्याकडे वेगळ्या पद्धतीने होते. सातारकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो जातो, खाली ओळ जाते, ‘चिऊने धमाल केली.’ फोटोत चिऊ बहुतेक वेळा पाठमोरी असते. तोंडाकडून घेतला तर रडताना दिसते.

अशात आई साताऱ्याहून आली. सोबत एक बॅग कपड्यांची, एक लाडवांची. पहिल्या दिवशीच मी तिला साठाचं गणित सांगितलं: डॉलरला साठाने गुणायचं. खरा दर त्याच्या वर आहे, पण साठाने गुणणं सोपं पडतं आणि धक्काही थोडा कमी बसतो.

पहिल्या रविवारी यादीप्रमाणे विमानतळ होता. मी म्हटलं, “आई, आवर. विमानतळावर जायचंय.” आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “अरे, परवाच तर आले मी. काही चुकलं का माझं?”

तिला समजावताना नाकी नऊ आले. इथली माणसं विमान पकडायचं नसलं तरी विमानतळावर जातात. तिथे २०१९ साली ज्युएल नावाची काचेची इमारत झाली. तिच्या छतातून चाळीस मीटर उंचीचा धबधबा कोसळतो. छताखालच्या धबधब्यांत जगात सगळ्यात उंच. भोवती झाडं, वर काच, मधून डब्यांची गाडी जाते. लोक पोरांना घेऊन येतात, थंडगार हवेत जिने चढतात-उतरतात आणि संध्याकाळी सामान न घेता घरी परततात. आईने धबधबा नीट पाहिला. ठोसेघर जिच्या उशाशी तिला धबधब्याचं अप्रूप नाही. “बंद कधी करतात?” तिने विचारलं. मी वेळ सांगितली. “बरं आहे,” ती म्हणाली, “आपल्याकडे सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत कुणाचं ऐकत नाही.” चिऊने धबधब्याकडे पाठ करून सरकत्या जिन्याच्या अकरा फेऱ्या मारल्या. तिच्यासोबत मीही. ग्रुपवर धबधब्याचा फोटो गेला.

परतताना गाडीत चिऊला भूक लागली. आईने डबा उघडला. एमआरटीत खाणं-पिणं बंद आहे, पाचशे डॉलरपर्यंत दंड. मी झडप घालून झाकण लावलं.

“अरे, लेकरू भुकेलंय.”

“आई, हा लाडू तीस हजाराला पडेल.”

आईने डब्याकडे नव्या आदराने पाहिलं. “साजूक तुपातला आहे म्हणून?”

दंडाच्या पाटीवर ड्युरियनचंही चित्र असतं, त्यावर काट मारलेली. त्या काटेरी फळाला म्हणे रकमेचा दंड लिहिलेला नाही, नुसती मनाई. आईचं मत पडलं, की ज्याचा वास येतो त्याला दम आणि ज्याचा येत नाही त्याला दंड, ही काही रीत नव्हे. यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

जेवायला हॉकर सेंटरला गेलो. इथल्या या खाऊगल्ल्यांच्या संस्कृतीला २०२० साली युनेस्कोने मान दिला. युनेस्कोने मान दिलेल्या संस्कृतीत टेबल कसं धरायचं, हे मात्र युनेस्को सांगत नाही. मी चिऊला उचलून रांगेत, बायको पाण्याच्या शोधात. आईला एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं बंद पाकीट दिसलं. कुणीतरी बिचारं विसरलंय, असं तिला वाटलं. तिने ते उचललं, एका रुमालाने टेबल पुसलं, दुसऱ्याने नाक पुसलं आणि पसरून बसली.

थोड्या वेळाने चार वाट्या घेऊन एक अख्खं कुटुंब समोर उभं राहिलं. कुणी ओरडलं नाही. ते नुसते पाकिटाकडे बघत राहिले, आणि पाकीट आईच्या मुठीत. त्याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात, मी धावत येऊन सांगितलं. पाकीट ठेवलं की जागा आपली. आई शरमेल असं वाटलं होतं. तिचा चेहरा उजळला. “म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं!” सातारा स्टँडवर चाळीस वर्षं रुमाल टाकलेली बाई. तिला काय शिकवायचं? दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात टेबल धरण्याचं खातं तिच्याकडे गेलं. ती कागदी पाकीट ठेवत नाही. कापडी रुमाल ठेवते, निळ्या काठाचा. कागदाचा भरवसा नाही म्हणते.

जेवून झाल्यावर ताट आपणच जागेवर नेऊन ठेवायचं. १ सप्टेंबर २०२१ पासून त्याचीही सक्ती आहे. चिऊ हे काम फार मनापासून करते. अर्धं भरलेलं ताटही नेऊन ठेवते. घरी मात्र चमचासुद्धा उचलत नाही, कारण घरी दंड नाही.

सेंटोसा बेटावर एकदा जाऊन आलो. तिथे झुलत्या पुलापलीकडे आशिया खंडाच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक असल्याचा फलक आहे. बेटाच्या पलीकडच्या बेटावर मुख्य भूमी कशी पोचली, हे विचारायचं नसतं. फोटो काढायचा असतो. काढला.

यादीत खरं शिकण्याजोगं ठिकाण एकच होतं, आणि ते आईने निवडलं. हॉ पार व्हिला. आपल्याकडे डोकं दुखलं की लावतात त्या टायगर बामवाल्या भावांपैकी थोरल्याने १९३७ साली हे बांधलं. डोंगरउतारावर हजारावर पुतळे: हसरे बुद्ध, कुस्तीगीर, माणसाचं तोंड असलेला खेकडा. आणि नरकाचे दहा दरबार. इथल्या जुन्या पिढीला आईबाप लहानपणी सुट्टीत तिथे नेत. का नेत, ते आत गेल्यावर कळतं. बाग फुकट आहे. नरकाला २०२१ पासून संग्रहालयाचा मान मिळाला आणि तिकीट लागलं.

“मरायच्या आधी गेलं तर पैसे पडतात होय,” आई म्हणाली आणि रांगेत उभी राहिली. चिऊ खेकड्यापाशी थांबली, तिच्यासोबत तिची आई. आम्ही दोघं नरकात गेलो.

प्रत्येक दरबारात अमुक पापाला अमुक शिक्षा, पाटीसकट. यमाच्या कचेरीतलं दरपत्रकच. पुस्तकांचा गैरवापर केला, लेखी नियम मोडले किंवा अन्न वाया घालवलं, तर करवतीने दोन तुकडे. परीक्षेत कॉपी केली तर आतडी बाहेर. शेजारी आईबापांचं न ऐकणारेही त्याच रांगेत. पाटीपाशी एक बाप आपल्या दहाएक वर्षांच्या पोराला उभं करून हळू आवाजात वाचून दाखवत होता. या देशात सहावीच्या शेवटी पीएसएलई नावाची परीक्षा असते आणि तिच्यासाठी मुलं कितीतरी आधीपासून शिकवण्यांना जातात. पोराने ती पाटी शांतपणे पाहिली. शिकवणीला जाणाऱ्या मुलाला आतड्यांचं काय भय?

आईने मात्र सगळे दरबार कसोशीने तपासले. “गरुडपुराणात एवढं बारीक नाही,” ती म्हणाली. मग जरा शोधून, “आणि चिंगम खाणाऱ्याला काय?”

“ते १९९२ पासून सरकार बघतं. यमाकडे नाही ते.”

बाहेर आलो तेव्हा चिऊ खेकड्याला लाडू भरवत होती. रकान्यात बायकोने लिहिलं, ‘प्राणिमात्रांविषयी दया.’

तिथून ऑर्चर्ड रोडला. त्या झगमगाटात फूटपाथवर छत्रीखाली गाडी लावून आइस्क्रीमवाले अंकल उभे असतात. त्यांना नाव नसतं, सगळेच अंकल. लांबलचक आइस्क्रीमची वीट काढतात, सुरीने चौकोनी तुकडा पाडतात आणि गुलाबी-हिरव्या रंगाच्या पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळून हातावर ठेवतात. हवं तर बिस्किटात. मका, रताळ्यासारखा एक कंद, ड्युरियन असे स्वाद. दीड-दोन डॉलर. आईने साठाने गुणलं आणि या देशात पहिल्यांदाच उत्तर तिच्या आवाक्यात आलं.

“पावात आइस्क्रीम,” ती म्हणाली. “मुंबईत वडा घातला, यांनी हे घातलं. पाव गरीब, सगळं सोसतो.”

चिऊने पाव खाल्ला आणि आइस्क्रीम माझ्या शर्टाला पुसायला घेतलं. मी कचऱ्याच्या डब्याकडे वळणार, तोच आईने माझा हात धरला. “टाकायचं नाही. करवत बघितलीस ना आत्ता?” सत्तरीची बाई, मधुमेहाच्या गोळ्या चालू, भर ऑर्चर्ड रोडवर मक्याचं आइस्क्रीम चाटूनपुसून खाऊन मोकळी झाली. पापभीरू माणसाचं सगळ्यांत सोयीचं काय असतं, तर पाप कुठलं हे त्याला निवडता येतं.

आईच्या परतीच्या आधीचा रविवार बोटॅनिक गार्डनसाठी राखून ठेवला होता. १८५९ सालची बाग, २०१५ पासून जागतिक वारसा. तिच्या एका कोपऱ्यात लहान मुलांची बाग आहे, जेकब बॅलास या शेअर बाजारातल्या बड्या माणसाच्या मृत्युपश्चात दिलेल्या पैशांतून झालेली. झाडावरचं घर, घसरगुंड्या, झुलता पूल, वाळू, उडणारं पाणी. प्रवेश फुकट, आणि अट एकच: मोठ्या माणसांनी सोबत मूल आणलं पाहिजे. मुलाशिवाय मोठ्यांना आत सोडत नाहीत.

मी ती पाटी दोनदा वाचली. इतक्या रविवारी आम्ही जे करत होतो ते कुणीतरी इतक्या स्वच्छपणे लिहून ठेवलेलं मी प्रथमच पाहत होतो.

अडचण एवढीच झाली, की स्टेशनपासून येता येता चिऊ ढकलगाडीत झोपली. तोंड उघडं, एक चप्पल गायब. फाटकावरच्या माणसाने गाडीत वाकून पाहिलं, मग आम्हा तिघांकडे पाहिलं आणि मान हलवली. अटीत मूल जागं असावं असं कुठे म्हटलंय?

आत शिरल्यावर आईने पदर खोचला आणि थेट झुलत्या पुलाकडे गेली. मधोमध जाऊन तिने पूल मुद्दाम हलवला. मागचं एक चिनी पोरगं किंचाळलं, ती हसली. बायकोने चपला काढून वाळूत पाय खुपसले आणि यादीचा फोन पर्समध्ये टाकला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहिलो. कारंजं एकदम उडायचं, एकदम थांबायचं. ते कधी उडेल याचा अंदाज बांधण्यात माझा पाऊण तास गेला. चिऊची गाडी सावलीत होती. तिच्याकडे आम्ही पाळीपाळीने बघत होतो. पाळी कुणालाच नको होती.

निघताना फाटकाशी एक तरुण जोडपं उभं होतं. गळ्यात कॅमेरा, सोबत मूल नाही. रखवालदार त्यांना नम्रपणे पाटी दाखवत होता. त्यांचे पडलेले चेहरे आईला बघवेनात. तिने ढकलगाडी त्यांच्यापुढे सरकवली.

“आमची घेऊन जा,” ती मराठीत म्हणाली. “झोपलीये, काही त्रास नाही.”

रात्री ग्रुपवर तीन फोटो गेले. पुलावर आई, वाळूत बायको, पाण्यात मी. खाली ओळ: ‘आज चिऊने खूप धमाल केली.’